कावळा काळा नसतो

मे महिन्याच्या सुट्टीत माझा भाचा आठ दिवस आमच्याकडे राहायला आला होता. दहावीचे पेपर चांगले गेले म्हणून वडिलांनी त्याला कॅमेरा घेऊन दिला होता, आणि त्या कॅमेऱ्याला हातभर लांबीची लेन्स होती. आमच्या घरामागे एक जुना उंबर आहे. उंबर पिकला की त्यावर तांबट येतात. भर उन्हात तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा त्यांचा ‘टुक्-टुक्-टुक्’ आवाज चालू असतो, आणि त्यामुळेच आमच्याकडे त्या पक्ष्याला तांबट म्हणतात. चिरंजीवांनी दोन दिवसांत त्या तांबटाचे चारशे फोटो काढले. रात्री जेवणे झाल्यावर ते सगळ्यांना दाखवून झाले, सगळ्यांनी वा-वा केले. फोटो खरोखरच सुंदर होते. मी मात्र सहज म्हणून त्याच्यापुढे एक वही आणि पेन्सिल सरकवली. म्हटले, ‘‘अरे, आता कॅमेरा ठेव बाजूला आणि मला तो तांबट काढून दाखव.’’

त्याने गोल अंग काढले, आखूड शेपटी काढली, जाड चोच काढली, कपाळावर तांबडा ठिपका आणि डोळ्याभोवती पिवळा रंग हवा हेही सांगितले. मग पायांशी येऊन त्याचा हात थांबला. पायांचा रंग कोणता? बोटे किती, पुढे किती आणि मागे किती? त्याचा हात कॅमेऱ्याकडे गेला. मी तो वरचेवर धरला. ‘‘मावशी, हे चीटिंग आहे,’’ तो म्हणाला. ‘‘मी बघितलाय ना तो, दोन दिवस!’’

त्याने दोन दिवस बघितला होता हे खरे आहे. की कॅमेऱ्याने बघितला होता? त्या रात्रीपासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे, आणि आजचा हा लेख त्यातूनच निघाला आहे.

मी काही चित्रकार नाही. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या, दोन्हींत जेमतेम ‘ब’ श्रेणी मिळाली. पण त्या परीक्षांची तयारी आठवली की गंमत वाटते. वस्तुचित्रात माठ, तांब्या, घडी विस्कटलेला पंचा, निसर्गचित्रात पाने-फुले, स्मरणचित्रात जत्रा नाहीतर बसस्टॉप. पक्षी आला तर स्मरणचित्राच्या आभाळात, दोन तिरक्या रेघांचा! महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाने कधी ना कधी काढलेले चित्र आठवा. तीन डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, नदी, झोपडी, नारळाचे झाड, आणि वर उडणारे पाच-सहा चिमटे. हे चिमटे म्हणजे पक्षी. बदक हवे असेल तर इंग्रजी दोनचा आकडा काढायचा आणि त्याला पंख चिकटवायचा. पक्षी म्हणजे काय, हे आपण अशा रीतीने सातव्या-आठव्या वर्षीच कायमचे ठरवून टाकतो. पुढे आयुष्यभर खिडकीत कावळा येऊन बसतो आणि आपण त्याच्याकडे न बघता म्हणतो, काळा.

पण आपल्या घरी येणारा कावळा काळा नसतो. त्याची मान आणि छाती राखाडी असते. सगळा काळा असतो तो डोमकावळा, आणि तो अंगाने मोठा, चोचीने दणकट असतो. गावकावळ्याच्या ज्या भागाला आपण काळा म्हणतो, त्यावर ऊन पडले की जांभळी, निळी, हिरवट झाक हलते. काऊ-चिऊची गोष्ट ऐकत आपल्या किती पिढ्या वाढल्या! पण चिमणा कोणता आणि चिमणी कोणती, हे दहा जणांना विचारून पाहा. चिमण्याच्या गळ्याखाली काळा डाग असतो आणि डोक्यावर करडी टोपी. चिमणी साधी मातकट, तिला डोळ्यामागे फिकट भुवईसारखी रेघ. ज्यांच्या नावाने आपण घास भरवले, त्यांचे चेहरे आपल्याला माहीत नाहीत.

पक्ष्यांच्या वास्तवदर्शी चित्रांविषयी बोलायचे ते याच कारणासाठी. ‘वाइल्डलाइफ आर्ट’ या नावाने हा प्रकार आता थोडाफार ओळखला जातो, पण आपल्याकडच्या कलाजगतात त्याला पाटाच्या टोकालाही जागा नाही. ‘ही तर नक्कल’, ‘हे इलस्ट्रेशन झाले, चित्र नव्हे’, असे शेरे मी जाणकारांच्या तोंडून ऐकले आहेत. आणि सामान्य माणूस म्हणतो, एवढे चांगले कॅमेरे असताना हा खटाटोप कशाला? दोन्ही आक्षेप मला मान्य नाहीत. पण आधी थोडा इतिहास पाहू, कारण या कलेचे एक मोठे घराणे आपल्या देशातच होते आणि त्याची आपल्याला फारशी जाण नाही.

जहांगीर बादशहाविषयी आपण शाळेत शिकलो ते न्यायाची साखळी आणि नूरजहान एवढेच. पण हा बादशहा पक्का पक्षिनिरीक्षक होता. सारसांची एक जोडी त्याने पाळली होती, त्यांची नावे लैला आणि मजनू. ती घरटे कशी करतात, अंडी आळीपाळीने कशी उबवतात, याच्या नोंदी त्याने आपल्या आत्मचरित्रात केल्या आहेत. १६१२ मध्ये त्याच्या मुकर्रब खान नावाच्या सरदाराने गोव्याहून काही अजब प्राणी-पक्षी दरबारात आणले. पोर्तुगिजांच्या जहाजांतून गोव्यात उतरलेला माल तो. त्यात एक टर्की कोंबडा होता. अमेरिकेतला पक्षी, हिंदुस्थानात कोणी पाहिलेला नव्हता. त्याच्या मानेवरच्या लोंबत्या मांसल भागाचा रंग घडोघडी बदलतो हे पाहून बादशहा चकित झाला. त्याने त्याचे वर्णन तर लिहिलेच, शिवाय चित्रकारांना चित्र काढायला बसवले. आपला पणजोबा बाबर याने प्राण्यांची वर्णने लिहिली, पण चित्रे काढवून घेतली नाहीत, ही त्रुटी आपण भरून काढतो आहोत, असे जहांगिराने स्वतःच नोंदवले आहे. केवळ शब्दांनी भागत नाही, हे त्याला कळले होते.

ते टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, आणि ते उस्ताद मन्सूर याच्या हातचे मानले जाते. मन्सूरला जहांगिराने ‘नादिर-उल्-अस्र’, म्हणजे ‘या युगाचे नवल’, अशी पदवी दिली होती. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये त्याचा सायबेरियन क्रौंच आहे. त्या चित्रात चेहऱ्याची उघडी तांबडी कातडी आहे, पिसांवरची पिसे आहेत, लांब पाय आहेत, आणि सगळे असे की आजच्या पक्षितज्ज्ञालाही बोट ठेवायला जागा नाही. युरोपातल्या शास्त्रज्ञांनी या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले ते १७७३ मध्ये, म्हणजे मन्सूरनंतर सुमारे दीडशे वर्षांनी. हा क्रौंच हिवाळ्यात भरतपूरच्या केवलादेव तळ्यांवर येत असे. २००२ नंतर तो तिथे आलेला नाही. आपल्या नातवंडांना हिंदुस्थानात आलेला सायबेरियन क्रौंच दाखवायचा असेल, तर कोलकात्याचे तिकीट काढून मन्सूरसमोर उभे करावे लागेल.

मन्सूरच्या नावावर सांगितले जाणारे आणखी एक चित्र रशियात सेंट पीटर्सबर्गला आहे. सुमारे १६२५ सालचे. त्याच्या मधोमध डोडो उभा आहे. मॉरिशस बेटावरचा हा न उडणारा पक्षी सतराव्या शतकातच पृथ्वीवरून नाहीसा झाला. त्याची युरोपीय चित्रकारांनी काढलेली चित्रे पुष्कळ आहेत, पण त्यांतली बरीचशी कैदेत खाऊन-खाऊन सुजलेल्या पक्ष्यावरून, किंवा पेंढा भरलेल्या कातड्यावरून, किंवा एकमेकांच्या चित्रांवरून केलेली. जगभर डोडो म्हणजे लठ्ठ, बावळट पक्षी अशी जी प्रतिमा झाली, तिला ही चित्रे कारणीभूत आहेत. मोगल चित्रातला डोडो त्यामानाने सडपातळ आणि तरतरीत आहे. मग खरा कोणता मानायचा?

इथे मोठी सुंदर गोष्ट घडते. मोगल चित्रात डोडोच्या चार बाजूंना चार इतर पक्षी आहेत. उलटा लटकणारा एक चिमुकला पोपट, हिमालयातला ट्रॅगोपान, पट्टकादंब जातीचा हंस आणि रंगीत पखुर्डी. हे चारही आजही जिवंत आहेत, त्यामुळे ताडून पाहता येतात. आणि ते ताडून पाहिले तर बरोबर निघतात. ज्या माणसाने हे चार पक्षी चोख काढले, तो पाचव्याच्या बाबतीत कशाला खोटे बोलेल? म्हणून डोडोच्या सगळ्या चित्रांत हे चित्र अत्यंत विश्वसनीय समजले जाते. त्या काळात सुरतेला दोन डोडो आणलेले होते, असे पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने लिहून ठेवले आहे. म्हणजे चित्रकाराने जिवंत पक्षी पाहिला असणे अगदी शक्य आहे. कोर्टात साक्षीदाराची बाकीची साक्ष खरी ठरली की त्याच्या एकट्याने पाहिलेल्या गोष्टीलाही वजन येते, तसाच हा प्रकार. यालाच कोणी नक्कल म्हणत असेल तर म्हणो. मला ती साक्ष वाटते.

मोगल दरबार ओसरला, पण हात शिल्लक राहिले. १७७०-८० च्या सुमारास कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचे सरन्यायाधीश होते सर एलायजा इम्पे. त्यांच्या पत्नीने, मेरी इम्पे यांनी, बंगल्याच्या आवारात पशुपक्ष्यांचा संग्रह केला आणि पाटण्याहून तीन चित्रकार बोलावून घेतले. शेख झैनुद्दीन, भवानीदास आणि रामदास. मोगल कलमात तयार झालेल्या या तिघांनी विलायती कागदावर तीनशेहून अधिक चित्रे केली, त्यांत बहुसंख्य पक्षी, आणि शक्य तिथे जिवंत पक्ष्याच्या मापाचे. झैनुद्दीनचे एक चित्र अमेरिकेतल्या मिनिआपोलिसच्या संग्रहालयात आहे. मी ते छापील रूपातच पाहिले आहे. बोराच्या काटेरी फांदीवर भांगपाडी मैना बसली आहे, शेजारी तसरच्या जातीचे मोठे पतंग, अळी आणि कोश. ही मैना आपल्या शहरांतही दिसते, डोक्यावरची काळी पिसे तेल लावून चापून बसवल्यासारखी. झैनुद्दीनने ती अशी काढली आहे की आत्ता मान वाकडी करून आपल्याकडे बघेल. आणि पार्श्वभूमी? कोरा कागद. ना ढग, ना डोंगर. पक्षी, त्याची फांदी, त्याच्याबरोबर राहणारे किडे, बस्स.

भवानीदासने काढलेल्या पक्ष्यांत गुलाबी डोक्याचे बदक आहे. हे बदक गेल्या सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत खात्रीलायकपणे कोणाला दिसलेले नाही. इंग्लंडमधल्या जॉन लॅथम या पक्षितज्ज्ञाने इम्पेबाईंच्या चित्रांवरून कित्येक पक्ष्यांची वर्णने केली. हिमालयातल्या मोनाल पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही ‘इम्पे’ आहेत. झैनुद्दीन, भवानीदास, रामदास मात्र कुठल्याच पक्ष्याच्या नावात आले नाहीत. त्यांची नावे टिकली ती चित्रांच्या कडेला लिहून ठेवल्यामुळे. २०१९ मध्ये लंडनला वॉलेस कलेक्शनमध्ये कंपनीच्या काळातल्या हिंदी चित्रकारांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा कुठे जगाच्या कलारसिकांनी त्यांच्याकडे नीट पाहिले. आपण अजून पाहायचे आहे.

युरोप-अमेरिकेत या कलेची बरकत झाली ती पुढच्या शतकात. ऑड्युबॉनचे ‘बर्ड्स ऑफ अमेरिका’ १८२७ ते १८३८ या काळात निघाले. ४३५ चित्रे, माणसाच्या कमरेपर्यंत येईल एवढ्या उंचीचा कागद, आणि प्रत्येक पक्षी त्याच्या खऱ्या मापात. फ्लेमिंगो कागदात मावेना म्हणून त्याची मान खाली वाकवलेली. पण हेही सांगितले पाहिजे की ऑड्युबॉन पक्षी मारत असे, तारेने त्याला हवी ती ऐट देऊन चौकटी आखलेल्या फळीवर टांगत असे आणि मग चित्र काढत असे. चित्रकार तेवढा अहिंसक आणि फोटोवाला तेवढा दुष्ट, असे सरळ नाही. एलिझाबेथ गूल्ड या बाईंनी १८३० च्या सुमारास हिमालयातल्या शंभर पक्ष्यांची चित्रे केली, ती हिमालय न पाहता, लंडनला आलेल्या कातड्यांवरून. रंग बरोबर, पिसे बरोबर. पण पक्षी पुष्कळदा खुंटीला अडकवल्यासारखा ताठ. कातड्यात डोळ्याचा रंग राहत नाही. पायांचा, चोचीचा रंग उडतो. पक्षी फांदीवर बसताना वजन कुठे टाकतो, हे तर कातडे कधीच सांगत नाही.

याउलट एडवर्ड लिअर पाहा. लोकांना तो ठाऊक आहे विनोदी बडबडगीते लिहिणारा म्हणून. हा मुलगा अठराव्या वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन बसला आणि जिवंत पोपटांची चित्रे काढू लागला. रखवालदार पोपट धरून ठेवायचे, हा मापे घ्यायचा. वयाच्या विशीत त्याचे पोपटांचे पुस्तक पुरे झाले. ४२ चित्रे, आणि एक पोपट दुसऱ्यासारखा वागत नाही. कोणी चिडलेला, कोणी आगाऊ, कोणी उगाच गंभीर. पुढे नजर अधू होत गेली तसा तो निसर्गदृश्यांकडे वळला, आणि १८७३ मध्ये, साठी उलटल्यावर, आपल्या मुंबईच्या धक्क्यावरही उतरला. पण ते असो.

आता कॅमेऱ्याचा प्रश्न. कॅमेऱ्याशी माझे भांडण नाही. भाच्याचे फोटो पाहून मलाही आनंद झालाच. पण फोटो असतो तो एका तांबटाचा, मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजताचा, ज्याचे शेपटीचे एक पीस गळून पडले आहे आणि ज्याच्या पोटावर पानांची हिरवी सावली पडली आहे. चित्रकार पन्नास तांबट बघतो आणि एक काढतो. त्यात सावली नको असेल तर नसते आणि गळलेले पीस परत येते. म्हणूनच पक्षी ओळखण्याची उत्तमोत्तम पुस्तके अजूनही फोटोंची नसून चित्रांची असतात. नर, मादी, पिल्लू एकाच उजेडात, एकाच बाजूने, शेजारी-शेजारी. अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसनने १९३४ मध्ये आपल्या पुस्तकात पक्ष्यांच्या चित्रांवर बारीक बाणासारख्या रेघा मारून ‘इथे बघा’ म्हणून दाखवले, तेव्हापासून जगभर हीच रीत पडली. आपल्याकडे सलीम अलींचे ‘बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ १९४१ मध्ये आले आणि चित्रांच्या जोरावर घराघरांत गेले. १९९८ मध्ये ग्रिमेट आणि इन्स्किप दांपत्याचा भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवरचा जो जाडजूड ग्रंथ निघाला, त्याच्या चित्रकारांत आपले कार्ल डिसिल्वाही होते. पक्षिमित्रांच्या पिशवीत ही चित्रे रानोमाळ हिंडली. कलादालनात त्यांना किती वेळा जागा मिळाली?

बारीक फरक दिसणे किती मोलाचे असते, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. रानपिंगळा नावाचे एक छोटे घुबड. १८७३ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली, १८८४ नंतर ते कोणी पाहिले नाही, आणि नामशेष झाले असे सगळे समजून चालले. जगातल्या संग्रहालयांत त्याची हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी कातडी होती. त्यातही एका बड्या इंग्रज संग्राहकाने १९१४ मध्ये आपण गुजरातेत मिळवले म्हणून दाखवलेले कातडे चोरीचे आणि नोंद बनावट निघाली. पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने ती कातडी बारकाईने तपासली, खोटी नोंद बाजूला सारली आणि जिथून जुने खरे पक्षी मिळाले होते तिकडे दोन सहकाऱ्यांना घेऊन शोध घेतला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा समोर बसलेला सापडला. ११३ वर्षांनी! साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके दाट असतात, याच्या जवळजवळ नसतात; याची पावले दणकट असतात, पंखांवरचे आणि शेपटीवरचे पट्टे ठळक. फरक एवढाच. नंतर तो मेळघाटात दिसला आणि २०१४ मध्ये थेट ठाणे जिल्ह्यातल्या तानसाच्या रानातही. त्या शंभर-सव्वाशे वर्षांत त्याच्याकडे बघून ‘पिंगळाच आहे’ म्हणून किती जण पुढे गेले असतील कोण जाणे.

आणि हा ‘नक्कल’ नावाचा आक्षेप. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात सावळाराम हळदणकरांचे, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र आहे. माणसे त्याच्यासमोर थबकतात. तिच्या बोटांतून झिरपणाऱ्या उजेडाला कोणी नक्कल म्हणत नाही. मग खंड्याच्या पाठीवरच्या निळ्या उजेडालाच का म्हणावे? तो निळा रंग काढणे किती कठीण आहे, हे ज्याने प्रयत्न केला त्याला विचारा. खंड्याच्या पिसात निळा रंग मुळात नसतोच. पिसांच्या अतिसूक्ष्म रचनेमुळे प्रकाशातला निळा भाग तेवढा परत फिरतो. ते पीस कुटून पूड केली तर निळेपण नाहीसे होईल. म्हणजे चित्रकाराला नळीतल्या निळ्या रंगाने असे काहीतरी दाखवायचे असते जे रंग नव्हेच. बगळा त्याहून अवघड. पांढऱ्या कागदावर पांढरा पक्षी! तिथे कागद तसाच सोडून सावल्या रंगवाव्या लागतात, आणि भाताच्या खाचरात उभ्या बगळ्याच्या पोटाखालची सावली करडी नसते, हिरवट असते. हे रोजच्या रोज दिसते आणि कोणाला दिसत नाही.

हेही कबूल करायला हवे की या कलेत कचराही पुष्कळ आहे. फोटो समोर ठेवून, पिसाचा एकेक तंतू मोजून केलेली, पाहणाऱ्याने ‘अगदी फोटोसारखे!’ म्हणावे एवढ्याचसाठी केलेली चित्रे. त्यांत पक्षी मेलेला असतो, तो ऑड्युबॉनच्या तारेवरच्या पक्ष्याहूनही अधिक. वास्तवदर्शी म्हणजे सगळे काढणे नव्हे. ढोकरी काठावर बसलेली असताना मातकट, दिसेनाशी; उडाली की एकदम पांढरीशुभ्र. हे एका रेघेत पकडणारा मला मोठा वाटतो, हजार पिसे कोरणाऱ्यापेक्षा.

दुसऱ्या टोकाला अलंकरण आहे. पैठणीच्या पदरावरचे मोर-पोपट, वारलीतले पक्षी, अजिंठ्याच्या पट्ट्यांतले डौलदार हंस. त्यांच्याशी माझी तक्रार नाही, ती वेगळी आणि फार सुंदर भाषा आहे. तक्रार आहे ती अर्धवटपणाशी. काही वर्षांपूर्वी एका कॅलेंडरवर आपला राज्यपक्षी म्हणून हरियालाचे मोठे रंगीत चित्र छापले होते. पोपटी अंग, वडाची फळे, सगळे झकास, आणि पाय लालभडक! हरियालाचे पाय पिवळे असतात, आणि हिरव्या कबुतरांच्या इतर जातींपासून त्याला वेगळे ओळखायचे ते मुख्यतः याच पिवळ्या पायांवरून. मी प्रकाशकांना पत्र लिहिले. उत्तर आले की फळांच्या रंगाशी मेळ बसावा म्हणून चित्रकाराने ते स्वातंत्र्य घेतले आहे. राज्याच्या मुख्यमंत्र्यांचे चित्र छापताना कोणी असे स्वातंत्र्य घेतले असते का? आता तर संगणकाला सांगितले की तो क्षणात पक्ष्याचे चित्र बनवून देतो, झुळझुळीत, चकचकीत. मी असे काही पक्षी पाहिले. एकाच्या पायाला पाच बोटे होती, एकाला अंगठा दोन्हीकडे. जन्मभर दोनच्या आकड्यातून बदक काढलेल्या आपल्याला ते खटकणार तरी कसे?

आणि इथे मामला केवळ हौसेचा राहत नाही. माळढोक आज देशभर मिळून दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरले आहेत. सोलापूरजवळच्या नान्नजला त्यांच्यासाठी अभयारण्य केले, आणि तिथे माळढोक दिसणे हीच आता बातमी होते. मारुती चितमपल्लींनी आयुष्य घालवून पक्ष्यांची मराठी नावे गोळा केली, ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, ते गेले. नावे राहिली आहेत, पक्षी जात आहेत. आणि ज्यांची जागा घेतली गेली त्यांचे चेहरेच आपल्याला माहीत नसतील तर ते गेल्याचे आपल्याला समजणार तरी कधी?

माझी मागणी अगदी किरकोळ आहे. शाळेच्या चित्रकलेत माठाशेजारी एकदा कावळा येऊ द्या. खराखुरा, खिडकीतला, तो हलेल, उडेल, परत येईल. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात पक्ष्यांचे सुंदर दालन आहे, तिथे पक्षी तर हलतही नाहीत. सुट्टीच्या दिवशी मुलांना तिथे मोबाइलऐवजी वही घेऊन बसवता येईल. फ्लेमिंगो बघायला ठाण्याच्या खाडीवर गर्दी होतेच. त्याच्या पायात मधोमध मागे वाकणारा जो सांधा दिसतो तो गुडघा नसून घोटा आहे, खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो, हे पाय काढायला घेतल्याशिवाय कळत नाही. चित्र चांगले आले नाही तरी चालेल. माझे कधीच आले नाही.

भाच्याकडे परत येते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा तो मागच्या पायरीवर वही घेऊन बसलेला होता. कॅमेरा आत, पिशवीत. शेजारी चहा निवत होता, त्यावर साय धरली होती. वहीच्या पानावर आठ-दहा अर्धवट तांबट होते, बहुतेकांना डोके होते आणि पाय नव्हते. मी काही न बोलता पलीकडच्या पायरीवर टेकले.

‘‘मावशी, पाय लालसर आहेत,’’ तो वर न बघता कुजबुजला. ‘‘आणि पुढे दोनच बोटं आहेत गं. मग उरलेली दोन मागे...’’

तेवढ्यात तांबट उडाला.

‘‘थांब,’’ तो मलाच म्हणाला. ‘‘येईल परत.’’